मायक्रोवेव्हचे दार : भीती कशाची बाळगावी?

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकू सकाळीच दवाखान्यात आल्या. तक्रार प्रकृतीची नव्हती. मुलाने नवे घर बांधताना ओट्याजवळच्या कपाटात मायक्रोवेव्ह ओव्हन बसवून दिला होता. त्याचे दार नीट लागेना. "डॉक्टर, दारातून किरणे बाहेर येतात म्हणे. कॅन्सर तर होणार नाही ना? आणि नातू म्हणतो, आजी, प्लग काढून मी घरीच उघडून दुरुस्त करतो. करू देऊ का?" नातू आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतो आहे.

मी म्हणालो, "काकू, कॅन्सरला घाबरू नका. पण नातवाला ओव्हन उघडू देऊ नका." उत्तर ऐकून त्या चकित झाल्या. धाराशिवसारख्या गावांतूनही आता हे यंत्र घरोघरी दिसू लागले आहे. मात्र लोक ज्याला भितात त्यात धोका थोडा आणि ज्याला भीत नाहीत त्यात मोठा, असा अनुभव येतो. म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

प्रथम किरणांविषयी. दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या तंत्रातून हा ओव्हन निघाला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये पहिला ओव्हन विक्रीस आला. यातल्या लहरी रेडिओच्या कुळातल्या आहेत, एक्स-रेच्या नव्हेत. पेशींच्या गाभ्यातील रेणू तोडण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. त्या फक्त उष्णता निर्माण करतात. अन्न किरणोत्सर्गी होत नाही आणि ओव्हन बंद होताच लहरीही संपतात, जसा दिवा मालवल्यावर उजेड संपतो.

मग दाराला एवढे महत्त्व का? कारण अन्न तापवणाऱ्या लहरी आपले शरीरही तापवू शकतात. डोळ्यातील भिंग आणि पुरुषांचे वृषण हे भाग यात विशेष नाजूक असतात, कारण तेथील उष्णता लवकर वाहून नेली जात नाही. म्हणून लहरी आतच कोंडून ठेवणे हे दाराचे काम. दाराच्या काचेत बारीक छिद्रांची धातूची जाळी दिसते. लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि छिद्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. त्यामुळे उजेड बाहेर येतो, लहरी येत नाहीत. दाराच्या कडेने आतून एक पन्हळ असते, ती फटीतून निघू पाहणाऱ्या लहरी परतवते. अमेरिकेत १९७१ पासून असा नियम आहे की, ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा अधिक नसावी. शिवाय अंतर वाढले की लहरींचा जोर झपाट्याने ओसरतो. अर्ध्या मीटरवर तो ५ सेंटिमीटरवरच्या जोराच्या शंभराव्या भागाइतका उरतो. म्हणून दार धड असेल तर चिंतेचे कारण नाही. दार वाकले, बिजागरी सैल झाली, खटका तुटला, काच वा जाळी फुटली, तर मात्र दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरू नये.

आता खरा धोका. दाराच्या खटक्यामागे सहसा तीन लहान स्विच असतात. दार उघडताच ते लहरी बंद करतात. त्यांपैकी एक पहारेकरी असतो. बाकीचे स्विच चिकटून बसले आणि दार उघडले, तर तो मुद्दाम फ्यूज उडवतो. तेव्हा दार उघडता-लावताना फ्यूज उडत असेल तर तो त्रास नसून इशारा आहे. आपल्याकडे फ्यूज उडाला की जाड तार घालण्याची सवय आहे. येथे ती जिवावर बेतू शकते. स्विच काडी लावून दाबून धरणे किंवा चिकटपट्टीने बांधणे हाही तसलाच प्रकार. दार उघडल्यावरही आतले ताट फिरत राहिले, तर ओव्हन लगेच बंद करावा.

याहून मोठी गोष्ट पत्र्याच्या आत आहे. घरची वीज २३० व्होल्टची. ओव्हनच्या पोटात ती चढवून सुमारे ४००० व्होल्टपर्यंत नेलेली असते. तेथे एक कंडेन्सर असतो, आपल्या छताच्या पंख्यातल्या कंडेन्सरचा थोरला भाऊच म्हणा. प्लग काढल्यावरही तो वीज धरून राहू शकतो. ती उतरवण्याची सोय आत केलेली असते, पण ती सोयच बिघडली तर?

येथे मला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओव्हनचा खटका बिघडला. मी दूध तापवून घेतले, प्लग काढला आणि पत्र्याचे स्क्रू सोडवले. वीज नाही, मग भीती कसली, असा माझा हिशेब. सौभाग्यवतींनी मला न विचारता मेकॅनिकला बोलावून ठेवले होते. तो दारातूनच ओरडला, "साहेब, हात लावू नका!" त्याने आपल्या साधनाने कंडेन्सर उतरवला, तेव्हा फट्ट आवाज होऊन ठिणगी उडाली. "ही तुमच्या छातीतून गेली असती," तो म्हणाला. हृदयाची गती बिघडवायला असा एक झटका पुरतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी माझा हात आत जाणारच होता.

म्हणून घरी काय करावे? ओव्हन बंद ठेवून दाराची कड, खटके आणि चौकट साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी. तारेची घासणी वापरू नये, खाचेत टाचणी वा तार खुपसू नये. दाराच्या मुठीला टॉवेल अडकवू नये. दार खाली उघडणारे असेल तर त्यावर भांडे ठेवू नये, मुलांना रेलू देऊ नये. कपाटातल्या ओव्हनचा प्लग बहुधा मागे असतो, तेव्हा बोर्डावरचा एमसीबी पाडावा. ओव्हन जड असतो, एकट्याने ओढून काढू नये. पत्रा उघडण्याचे काम जाणकार मेकॅनिकचेच. दुरुस्ती परवडत नसेल तर ओव्हन बदलावा.

कोणाला झटका बसलाच तर त्याला थेट धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. विजेचा भाजल्याचा डाग वरून लहान दिसतो, आतील इजा खोल असू शकते. शुद्धीवर असलेल्या माणसालाही रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. भाजलेल्या जागी हळद, शाई वा टूथपेस्ट लावू नये. वीज बंद झाल्यावर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे.

काकूंच्या ओव्हनचे काय झाले? नातवाने फडक्याने दार पुसले, तेव्हा कडेतून पापडाचा चुरा निघाला. तरी वरची बिजागरी वाकलेली होतीच. ती मेकॅनिकने बदलली. नातू शेजारी हात मागे बांधून सारे पाहत उभा होता. शिकायचे तर असे शिकावे.