सूर लागतो, शब्द अडतो

१९८१ च्या आयबीएम पीसीत प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा आठच, ० ते ७. प्रिंटरची नेहमीची वाट ७. जुनी ध्वनिकार्डेही पुष्कळदा ७ वरच लावलेली असत.

त्याच घडणीच्या यंत्रात भंगारात निघालेले असे एक कार्ड मी लावून पाहिले. संगीत वाजे, पण माणसाचा शब्द पहिल्याच तुकड्यावर अडे. संपर्क मळलेले असते, तर बहुधा दोन्ही बिघडले असते. सूर कार्ड स्वतः घडवते. मुद्रित शब्दाचा मात्र एक तुकडा संपला की पुढचा मागायला हाक लागते, आणि तीच प्रिंटरच्या वाटेत अडकत होती. वीज तोडून जंपरची इवली टोपी ५ वर बसवली (हार्डडिस्क नसल्याने ती वाट मोकळी होती) आणि ऑटोएक्झेक फाइलीतही ७ चे ५ केले. हे दुसरे काम लोक हमखास विसरतात! मग शब्द सलग ऐकू आला.