ब्रेमेन : औंधच्या चौकातून वेझर नदीकाठी

पुण्यात येरवड्याहून होळकर पूल ओलांडून खडकीमार्गे औंध गाठले की ब्रेमेन चौक लागतो. त्याला नाव देणारे ब्रेमेन हे वेझर नदीवरचे जर्मन बंदर. समुद्र तिथून सुमारे ६० किलोमीटर दूर. मोठी जहाजे नदीच्या मुखाशी ब्रेमरहाफेनला लागतात.

शहर मित्रांसोबत पायीच पाहावे. बाजारचौकात रोलांड या वीराचा १४०४ चा दगडी पुतळा उभा आहे. तो पुतळा आणि नगरभवन २००४ पासून जागतिक वारसा आहेत. शेजारी लोककथेतल्या गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा यांची ब्राँझची उतरंड. गाढवाचे पुढचे पाय हात लावून लावून लख्ख झाले आहेत. दोन्ही पाय एकदम धरून इच्छा मागायची, ही तिथली रीत. पुढे श्नोर या जुन्या भागाच्या अरुंद गल्ल्या आणि संध्याकाळी श्लाख्टेचा गजबजलेला नदीकाठ चुकवूच नये. प्रादेशिक रेल्वेच्या नीडरझाक्सन तिकिटावर पाच जण एकत्र हॅम्बुर्गलाही जाऊ शकतात.