यादीबाहेरच्या मशिनी

सकाळी ९. दारव्ह्यातल्या दुकानाचं शटर वर करतो, तर पायरीवर सेवा केंद्रवाले भाऊ सीपीयू घेऊन उभे. नोव्हेंबर महिना. कापूस घरात येतोय आणि केंद्रावर सातबारा, महाडीबीटी, सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपची नोंदणी यांची झुंबड आहे. अशा दिवसांत त्यांना मशीन बंद ठेवणं परवडत नाही.

९.३०. सातव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. पंख्यात रुईचे तंतू अडकलेले. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, मशीन सुरळीत चालू झाली. भाऊंची चिंता वेगळीच. “विंडोज टेन बंद झालं म्हणतात. आता हे भंगारात टाकाव लागते का?”

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा. भाऊंच्या मशीनमध्ये टीपीएम २.० आहे. तरीही, मोजके अपवाद सोडले तर सातवी पिढी मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेसर यादीत नाही. सुरक्षेसाठी जे मागितलं ते मशीनमध्ये असताना तिला बाद करणं मला अन्यायाचं वाटतं. यादीला चकवून विंडोज ११ बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी कंपनी देत नाही. ज्या मशीनवर गावभराचे आधार नंबर टाईप होतात, तिथे मी ते करत नाही.

११. दुसऱ्या केंद्राची बोटाची मशीन. जुनी, एल-झिरो प्रकारची. तिच्यात ठशाची माहिती कुलूपबंद करण्याचं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करतं. नव्या एल-वन मशीनमध्ये ते यंत्राच्या आतच, सुरक्षित भागात होतं. संगणकात कोणी शिरलं, तर जुन्या मशीनवरचा ठसा धोक्यात येऊ शकतो. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आलेल्या आजीकडे तिचा अंगठा हीच सही असते. म्हणून आधार प्राधिकरणाने एल-झिरो बाद केली, ते योग्यच केलं. केंद्रवाल्या ताईंना खर्च जड जातो, तरी मी स्पष्ट सांगतो, नवीन घ्याच.

१.३०. लाईट गेली. डबा उघडला.

२.३०. शाळेचे जुने ॲटम नेटबुक, ३२ बिटचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये अशा मशिनींसाठी इन्स्टॉलरच नाही. लिनक्सवरच्या ३२ बिट फायरफॉक्सलाही १४५ व्या आवृत्तीपासून पूर्णविराम मिळाला. इथे मात्र राग धरवत नाही. डेबियनचं काम स्वयंसेवक करतात. प्रत्येक बदल जुन्या प्रोसेसरवर तपासायचा, तर ती मशीन हाताशी हवी आणि वेळ देणारी माणसंही हवीत. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तेच टाकलं. मुलं टायपिंग करतील, चित्रं काढतील. इंटरनेट त्यावर नको, असं सरांना सांगितलं.

४.१५. एका विद्यार्थिनीचा घरचा लॅपटॉप. घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला की पैसे पडत नाहीत. नोंदणी करून दिली. ही सोय किती घरांना माहीत असेल? विक्रेते तर नव्या लॅपटॉपचाच भाव सांगतात.

५.३०. पुन्हा भाऊंची मशीन. आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर, मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट. सातबारा आणि महाडीबीटी ब्राउझरमध्ये उघडले, इनस्क्रिप्टने मराठी उमटलं, प्रिंटरही लगेच सापडला. स्कॅनर मात्र हटून बसला. ड्रायव्हर शोधण्यात, टाकण्यात, पुन्हा काढण्यात तासभर गेला, तेव्हा कुठे पहिलं पान आलं. अंगठ्याची कामं भाऊ अँड्रॉइड मोबाईलला एल-वन मशीन जोडून करतील.

७.४५. भाऊ खुर्चीत बसून स्वतः एक अर्ज शेवटपर्यंत भरतात, पावती छापतात. “सेव्ह कुठं जाते हे एकडाव पुन्हा दाखव.” दाखवतो. वहीत पायऱ्या लिहून देतो, खाली माझा नंबर.