विश्लेषण : रुग्णाच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेने काय ठरवायचे?

उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय कायद्याने डॉक्टर आणि नातेवाईक घेतात. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असते ती मात्र परिचारिका. केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणाने तिच्या या स्थानाचा प्रश्न देशापुढे आणला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तो वेगळ्या रूपात रोज उभा राहतो.

अरुणा शानबाग प्रकरण काय होते?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या २५ वर्षांच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. पुढची ४१ वर्षे त्या याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या; पण भरवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे थांबले नाही. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल न्यायालयानेही घेतली. त्यांना केईएममधून हलवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला.

न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे का मानले?

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या कर्मचाऱ्यांचा याला विरोध होता. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नसून, इतकी वर्षे सांभाळ करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे त्यांचे मत बदलले, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावे, अशी मुभाही दिली. याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार काढून घेण्याला, देशात प्रथमच वाट मिळाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

यात नैतिक पेच कोणता?

वैद्यकीय नीतिशास्त्रात चार कसोट्या सांगितल्या जातात : रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय. केईएमच्या परिचारिकांनी हित आणि अपाय न करणे या दोन कसोट्या अतुलनीय रीतीने पाळल्या. पण पहिल्या कसोटीचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अरुणा यांना काय हवे होते, हे त्यांनी कधी सांगितलेले नव्हते आणि नंतर त्या सांगू शकत नव्हत्या. सेवा करणाऱ्याची माया खरी असते; तरीही ती रुग्णाच्या इच्छेची जागा घेऊ शकते का? ‘ती आमची आहे’ असे म्हणणारी परिचारिका आणि ‘तिला सोडवा’ म्हणणारी याचिकाकर्ती, दोघीही अरुणा यांच्याच भल्याचे बोलत होत्या.

आता नियम काय आहेत?

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी केली. सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर असे इच्छापत्र करू शकते आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. उपचार काढून घेण्यापूर्वी रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि नंतर दुय्यम मंडळ यांची संमती लागते. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. नातेवाइकांची संमती घेऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. या दोन्ही मंडळांत परिचारिकेला जागा नाही.

बुलढाण्यात हा प्रश्न कसा दिसतो?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचाही समावेश आहे. तरी गंभीर रुग्णाला अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेण्याची सवय जुनी आहे. तिथे अतिदक्षता विभागाचा खर्च वाढत जातो आणि एक दिवस घरचे म्हणतात, ‘सिस्टर, आता घरी घेऊन जातो.’ मग ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही होते, नळ्या निघतात आणि रुग्ण गाडीत घातला जातो. यात ना मंडळ बसते, ना इच्छापत्र पाहिले जाते. अनेकदा वेदनाशामक औषधही सोबत दिले जात नाही. तो निर्णय रुग्णाचा होता, थकलेल्या कुटुंबाचा होता की संपलेल्या पैशांचा, हे त्या कागदावरून कळत नाही. न्यायाची कसोटी इथे लागते.

मग परिचारिकेच्या हातात काय उरते?

बरेच काही. भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिता परिचारिकेला रुग्णाच्या हक्कांचा आदर करायला आणि माहितीपूर्वक निवड करण्यात त्याला मदत करायला सांगते. रुग्ण शुद्धीवर असताना काय बोलला होता, हे अनेकदा तिनेच ऐकलेले असते. ते नर्सिंग नोंदीत तारीख-वेळेसह लिहिणे आणि डॉक्टरांच्या कानावर घालणे ही तिची पहिली जबाबदारी. सही घेण्यापूर्वी ‘का नेताय?’ हे विचारणे दुसरी. कारण पैसा असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाकडे बोट दाखवता येते. रुग्ण घरी जाणारच असेल, तर वेदनाशमन, तोंडाची स्वच्छता आणि कूस बदलणे घरच्यांना शिकवता येते. उपचार थांबले म्हणून शुश्रूषा थांबत नाही. निर्णय चुकीचा वाटला, तर तो प्रभारी सिस्टर आणि डॉक्टरांपुढे मांडावा. एकटीने गुपचूप काही करू नये.

नातेवाइकांनी काय करावे?

आई-वडील धडधाकट असतानाच, शेवटच्या आजारपणात काय हवे आणि काय नको, हे त्यांना विचारावे. शक्य असल्यास इच्छापत्र करावे आणि त्याची माहिती घरातल्या किमान दोघांना असावी. ज्या प्रश्नाचे उत्तर अरुणा यांच्याबाबत ४१ वर्षांत मिळाले नाही, ते घरात एका संध्याकाळी विचारून ठेवता येते.