एकच रसायन, तरी एकाचा डबा होतो आणि दुसऱ्याचा चिकटा! असं का?

डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा दिसला, तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा. उकळतं वरण ओतलं तरी तो आकार सोडत नाही; वितळायला साधारण 160 अंश सेल्सिअस लागतात. पण याच पीपीचा एक प्रकार खोलीच्या तापमानालाही मऊ आणि चिकट असतो. दोन्हींत कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण अगदी सारखं. मग फरक कुठे?

पीपी म्हणजे कार्बन अणूंची लांबलचक साखळी. तिच्यातल्या एकाआड एक कार्बनला मिथाइल नावाचा छोटा गट लटकलेला असतो. साखळी ताणून सरळ धरली आणि हे सगळे गट एकाच बाजूला आले, तर ती ‘आयसोटॅक्टिक’. आलटूनपालटून आले, तर ‘सिंडिओटॅक्टिक’. कसेही आले, तर ‘अटॅक्टिक’. (ही नावं नात्ता यांच्या पत्नी रोझिता यांनी ग्रीकवरून सुचवली. नात्ता कोण, ते पुढे येतंच आहे.)

आयसोटॅक्टिक साखळी मळसूत्रासारखा नियमित पीळ घेते, दर तीन घटकांना एक वळसा. असे सारखे पीळ एकमेकांशेजारी घट्ट बसतात आणि स्फटिक तयार होतो. अटॅक्टिक साखळीत नियमच नाही, त्यामुळे रचणं जमत नाही. नुसता गुंता होतो.

मग साखळी फिरवून गट एका बाजूला आणता येणार नाहीत का? नाही. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवा, उजव्या पायात नीट बसत नाही. गटाची बाजू बदलायची तर रासायनिक बंधच तोडावा लागतो. म्हणजे जे ठरायचं ते साखळी जोडतानाच ठरतं.

म्हणूनच 1954 साल महत्त्वाचं. जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी पॉलिइथिलीनसाठी नवं उत्प्रेरक शोधलं होतं. मिलानमध्ये ज्युलिओ नात्ता यांनी त्याच जातीचं उत्प्रेरक प्रॉपिलीनवर वापरलं. मिळालेल्या मिश्रणातला चिकट भाग विद्रावकांनी धुऊन काढल्यावर उरली पांढरी, स्फटिकी पावडर. 1963 मध्ये दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकट भावंडही वाया जात नाही; गरम करून लावायच्या गोंदात ते चालतं.

आणि डबाही पूर्ण स्फटिकी नसतोच. स्फटिकांच्या मधला विस्कळीत भाग त्याला लवचीकपणा देतो, तर स्फटिकांवर प्रकाश विखुरल्यामुळे साधा पीपी दुधी दिसतो. याउलट काचेसारखा पारदर्शक, कडक आणि दाबला की तडकणारा डिस्पोजेबल ग्लास बहुधा पॉलिस्टायरीनचा असतो. ते अटॅक्टिक असतं, त्यात स्फटिकच नाहीत.