पाठ टाचणातलं पूर्वज्ञान

बी.एड.च्या शेवटच्या वर्षात नेमकं काय शिकायला मिळतं, ते आज माझ्या अनुभवावरून सांगते.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. माझे रायपूरजवळ उरल्यात गेले. भोवती रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने. मुलं कामगारांची, घरी छत्तीसगढी, ओडिया, भोजपुरी बोलणारी. पुस्तक हिंदीत. मी मराठी घरातली.

निरीक्षण पाठ होता. पाचवी, वजाबाकी. टाचण चोख, तक्ते रंगीत. "शेष कितने?" विचारलं, तर मागच्या बाकावरचा मुलगा गप्प. मी वहीत 'कच्चा' लिहून मोकळी झाले. तेवढ्यात शेजारची मुलगी त्याला पुटपुटली, "के ठन?" छत्तीसगढीतलं 'ठन' म्हणजे आपलं 'नग'. त्यानं लगेच बरोबर उत्तर दिलं. गणित येत होतं, माझा प्रश्नच कळला नव्हता.

पुढची उदाहरणं मुलांच्याच शब्दांत घेतली. पाठ अर्धा राहिला, गुणही कापले गेले.

टाचणात 'पूर्वज्ञान' असा रकाना असतो. आपण तो घरी बसून भरतो. मुलाची भाषाही त्यातच येते. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं.

म्हणून पहिला आठवडा मधल्या सुट्टीत मुलांचं बोलणं ऐका, मग टाचण लिहा. आणि वहीतला तो 'कच्चा' मी त्याच दिवशी खोडला.