जुन्या सौर पॅनेलशेजारी नवे चालेल का?

चांदूर बाजार तालुक्यातल्या संत्राबागांमध्ये सौरपंप आता नवलाईचा राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी बसवलेली पॅनेल साधारण 335 वॅटची. आज बाजारात 540 वॅटची सर्रास मिळतात. त्यामुळे गारपिटीत एखादे जुने पॅनेल फुटले, की तसेच दुसरे सापडत नाही. मग त्या जागी नवे मोठे पॅनेल लावावे का?

याचे उत्तर वॅटमध्ये नाही, जोडणीत आहे. सिरीजमध्ये पॅनेलच्या व्होल्टेजची बेरीज होते, पण विद्युतप्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो. 335 वॅटचे पॅनेल सुमारे 9 अँपिअर देते, 540 वॅटचे 13. चार इंची पाइपलाइनीत मध्येच दोन इंची तुकडा बसवावा, तशी गत होते. जुन्यांच्या ओळीत 540 वॅटचे पॅनेल जेमतेम 400 वॅट देते. वरचे पैसे वाया.

पॅरललमध्ये उलट असते. तिथे अँपिअरची बेरीज होते, व्होल्टेज मात्र जुळावे लागते. एका ओळीत आठ आणि दुसरीत पाच पॅनेल असतील तर नुकसान ठरलेले. वेगवेगळी पॅनेल वापरायचीच असतील, तर प्रत्येक प्रकाराची ओळ वेगळी करून तिला स्वतंत्र एमपीपीटी द्यावा. जास्तीत जास्त वीज मिळेल असा बिंदू हे यंत्र सतत शोधत असते. घरावरच्या अनेक इन्व्हर्टरमध्ये असे दोन एमपीपीटी असतात. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची पॅनेलही अशीच वेगळी ठेवावीत.

वऱ्हाडात हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. पॅनेलवरचे वॅट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात पारा 44 वर गेला, की पॅनेल 65 अंशांपर्यंत तापते आणि सहावा-सातवा हिस्सा वीज घटते. आंबिया बहराला पाण्याची निकड नेमकी तेव्हाच असते. थंडीत मात्र व्होल्टेज वाढते. म्हणून ओळीत जादा पॅनेल जोडण्याआधी कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा पाहावी, नाहीतर तो जळू शकतो.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या संचाला पाच वर्षांची हमी आहे. त्या काळात स्वतः जोडाजोड न करता पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. हमी संपल्यावर पॅनेल घ्याल तेव्हा मागचे लेबल वाचा: सिरीजसाठी अँपिअर जुळवा, पॅरललसाठी व्होल्ट.